तारप्याचं वळण

तलासरी,
६ नोव्हेंबर २०१६

जीवन,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन माझ्याकडे आहे आणि तुझा नंबरही आहे. पण आपल्या पाड्यावर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि मी तिकडे निघाले की अर्ध्या पाड्याला पाणी भरायची आठवण होते. बा तर माझ्या आधी जाऊन बसलेला असतो. एवढ्या लोकांसमोर तू विचारणार, कशी आहेस ताई, आणि मी सांगणार, बरी आहे. त्यापेक्षा अंगणवाडीतली मुलं झोपली की कागद घेऊन बसावं असं ठरवलं आहे.

नव्या भाताचा नाच परवा झाला. तू येणार म्हणून बाने माझ्याकडून अंगण दोनदा सारवून घेतलं. तू आला नाहीस. बा एकटाच तारपा फुंकत होता. काळीकाकीने मुद्दाम विचारलं, पोरगा कुठं आहे, तर म्हणाला, "येल तो. लांब हाय मुंबय." तीन तासांचं लांब.

तुला एकच विचारायचं आहे. बाने आयुष्यात तारपा एकालाच शिकवला, तो तुला. आजूबाजूच्या पाड्यांवर आता सणाला टेम्पोवाल्या नारूचे भाड्याचे स्पीकर येतात. आपल्याकडे अजून तारप्याभोवती नाच होतो तो बा आहे म्हणून. त्याच्यामागे तू वाजवला नाहीस तर नाच उभाच राहणार नाही, हे तुला माहीत आहे आणि त्यालाही. विवळवेढ्याच्या जत्रेत त्या जिग्नेशने तुला ऐकलं आणि मुंबईला नेलं, ते किती दिवसांसाठी? तिथे तू नक्की काय करतोस? नीट सगळं लिही, मला हॉटेल आणि क्लब यातला फरक कळत नाही.

बाची तब्येत छान आहे. एवढं वाजवूनही सकाळी ताडावर चढायला निघाला होता, मीच धरून ठेवला.

सुषमा


अंधेरी,
२१ नोव्हेंबर २०१६

ताई,

तुझं पत्र जिग्नेश मोठ्याने वाचायला लागला होता, मी हिसकावून घेतलं. तो घरी गुजराती बोलतो पण डहाणूच्या शाळेत शिकलेला, मराठी झकास वाचतो. 'तीन तासांचं लांब' यावर तो अजून हसतो आहे.

आमचा क्लब एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे. त्याला खिडकी नाही. आत शिरलं की दिवस की संध्याकाळ ते कळत नाही. रोज कोणी ना कोणी असतं. कधी एकटाच माणूस उभा राहून विनोद सांगतो, कधी गझल असते. शुक्रवार-शनिवार आमचा बँड. जिग्नेश कीबोर्डवर, एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि मी. लोक समोरच्या टेबलांवर खातात-पितात आणि ऐकतात.

पहिल्या दिवशी फजिती झाली. माझ्यासमोर माइक उभा केला होता. मी फुंकायला सुरुवात केली आणि सवयीने चालायला लागलो. चार पावलं गेलो तर आवाज गायब. मला वाटलं तारपा फुटला. तारपा वाजवणारा चालतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि एका जागी उभं राहून तारपा वाजवायचा असतो हे मला. रुपल मॅडमने, त्या मॅनेजर आहेत, दुसऱ्या दिवशी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारून दिली. आता मी फुलीवर उभा असतो. पाय शिवशिवतात, पण होईल सवय.

दुसरी फजिती मेणाची. वरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारप्याच्या जोडांचं मेण मऊ झालं आणि पुढचा भाग निसटून एका बाईच्या बशीत पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. बाला विचार, मेण घट्ट कसं करायचं. जमलं तर एक नवा तारपाही लागेल.

नाताळपर्यंत सुट्टी नाही. पुढच्या वर्षी नाचाला नक्की. मी मजेत आहे. काही लोक माझ्याकडे पाठ करून बसतात, पण ते खाण्याच्या नादात असतात. एवढं बाला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
जीवन


तलासरी,
३० जानेवारी २०१७

जीवन,

वाचून दाखवू नकोस हे माणसाने पत्राच्या सुरुवातीला लिहावं. मी ते वाक्य वाचलं तेव्हा पाठीचं वाक्य आधीच मोठ्याने वाचून झालं होतं.

 तारप्याला पाठ दाखवलेली बाने जन्मात पाहिलेली नाही. आपल्याकडे दारू प्यालेला माणूसही तारप्यापुढून मागे हटतो तो तोंड तिकडेच ठेवून. बा उठून बाहेर गेला. मला वाटलं आता तुला कधी तारपा देणार नाही. थोड्या वेळाने बघते तर कुंपणावरचे वाळलेले भोपळे एकेक वाजवून बघत बसला होता. तारपा झाला आहे. मेणात त्याने काय मिसळलं ते मला सांगितलं नाही. जिग्नेशचे वडील चिकूची गाडी घेऊन येतील, त्यांच्यासोबत पाठवते आहे.

त्याने एक प्रश्न विचारला आहे. तू वळण घेतोस तेव्हा ते लोक कसे वळतात? मी सांगितलं, तिथे नाचणाऱ्यांची साखळी नसते, लोक खुर्चीवर असतात. त्यावर म्हणाला, "मंग तो वळतो कशाला?" तूच सांग काय उत्तर देऊ. तारप्याने सूर बदलला की नाचणारे उलट्या दिशेने फिरतात, यापलीकडे त्याला तारप्याचं दुसरं कारणच माहीत नाही.

बाला थोडा खोकला आहे. भाताच्या तुसाने होतो तसा.

सुषमा


अंधेरी,
१८ जुलै २०१७

ताई,

उत्तराला सहा महिने लागले, शिव्या घाल. तारपा पोचला. मेण टिकलं. पण इथल्या एसीने तोंडाची ताडाची पानं वाळून तडकली. बाला सांगू नकोस. (बघ, या वेळी वाक्य सुरुवातीलाच आहे.)

एक चांगली बातमी. जिग्नेशने मला दोन दिवस एका स्टुडिओत नेलं आणि माझा सगळा तारपा रेकॉर्ड केला. कानाला मोठे हेडफोन, भिंतींना गाद्या. श्वाससुद्धा ऐकू येतो त्यात. आता पानं तडकली काय आणि मेण वितळलं काय, अडत नाही. तेव्हा या वर्षी नवा तारपा करायची तसदी बाने घेऊ नये. त्याला विश्रांती मिळेल.

क्लब जोरात चालला आहे. माझा फोटो खालच्या दारावर लावला आहे, डोक्याला फेटा आणि मोरपिसं. आपण मोरपिसं कधी लावली होती म्हणून हसू नकोस.

नाचाचं बघतो. दिवाळीच्या आसपास कार्यक्रम फार असतात.

जीवन


तलासरी,
२५ ऑक्टोबर २०१७

जीवन,

बघतो म्हणालास आणि बघितलंस. झाला नाच तुझ्याशिवाय.

या वेळी लवकर आटपला. बाने थोडा वेळ वाजवलं आणि भोपळ्यातून हवा जाते आहे म्हणून थांबला. लोक हळूहळू उठले. घरी येऊन मी भोपळा पाण्यात बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही.

मी तुला दोष देत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मी देते. तुझ्या फोटोला मोरपिसं लावली म्हणून तू तिथला झालास का? एक दिवस, जीवन. वर्षातून एक दिवस मागते आहे मी.

याचं उत्तर नको. ये.

सुषमा


तलासरी,
८ ऑक्टोबर २०१८

जीवन,

उत्तर नको म्हटलं तर तू वर्षभर खरंच पाठवलं नाहीस. एवढा आज्ञाधारक तू लहानपणी नव्हतास. टाकीवरच्या फोनमध्ये तू या वर्षीही यायचं जमणार नाही म्हणालास, बाने ते शेजारी बसून ऐकलं. मी भांडणार नाही.

एक काम कर. ते रेकॉर्डिंग केलं होतंस ना, ते मला पाठव. बाला ऐकायचं आहे. मुलगा कसा वाजवतो ते इतकी वर्षं त्याने ऐकलेलं नाही. नारूच्या पोराला पेनड्राइव्ह लावता येतो.

बा बरा आहे. वय झालं आहे, एवढंच.

सुषमा


अंधेरी,
१७ ऑक्टोबर २०१८

ताई,

पेनड्राइव्ह पाठवतो आहे. पहिलं गाणं ऐकवू नकोस, त्यात ड्रम फार आहेत. दुसरं ऐकव, त्यात फक्त तारपा आहे, एक तासाचा. क्लबमध्ये लोक येऊन बसेपर्यंत तो वाजत असतो.

बा काय म्हणाला ते नक्की लिही. वाईट म्हणाला तरी लिही.

मी खूप वाजवतो, रोज वाजवतो असं सांग त्याला.

जीवन


तलासरी,
१० नोव्हेंबर २०१८

जीवन,

आता खरं लिहिते. वर्षभर खोटं लिहून हात सरावला आहे, म्हणून हळूहळू लिहिते.

बाची फुप्फुसं गेली आहेत. डहाणूच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी पावसाळ्यातच सांगितलं होतं, फुंकायचं बंद. त्याने मला शपथ घातली की तुला कळवायचं नाही, नाहीतर तू तिथलं सोडून येशील. मी शपथ पाळली आणि वर तुलाच दोष देत बसले. गेल्या वर्षीचा भोपळा फुटका नव्हता हे तुला कळायला पाहिजे होतं, पण तुला कसं कळणार?

रेकॉर्डिंग मी बाला ऐकवायला मागितलं नव्हतं. या वर्षी नाच होणार नाही असं लोक बोलायला लागले होते. कोणी म्हणालं, नारूचा स्पीकर आणा, गाणी लावा. मला ते सहन झालं नाही. मी नारूला बोलावलं आणि दोघांनी मिळून ठरवलं. स्पीकर पेंढ्याच्या उडवीमागे लपवायचा. बाने मधोमध तारपा तोंडाला लावून चालायचं, फुंकायचं नाही. बा आधी हो म्हणेना. मी तुझा तारपा लावून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. तुझा श्वास येतो ना त्यात, तिथे त्याने मान हलवली. मग म्हणाला, "जीवनाचीच फुंक हाय ना? मंग चालंल." जीवन, तो इतका खूश मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

रविवारी संध्याकाळी नाच उभा राहिला. बा चालत होता, गाल फुगवत होता, बोटं बरोबर फिरत होती. कोणाला काही कळलं नाही. लोक म्हणत होते, लाहूचा दम परत आला. साखळी मोठी झाली. मी रडत होते आणि लोकांना वाटत होतं धूर गेला डोळ्यांत.

पण वळण येईना.

एका दिशेने फेरे सुरू झाले ते सुरूच राहिले. वीस फेरे, तीस फेरे. नाचणारे सूर बदलायची वाट बघत होते. तुझा तारपा तोच सूर, तेच सगळं, पुन्हा पुन्हा म्हणत होता. आपल्या लोकांचं तुला माहीत आहे, तारपा वळल्याशिवाय वळायचं नाही आणि थांबल्याशिवाय हात सोडायचा नाही. दमले म्हणून कोणी बाहेर आलं नाही. साखळीच्या टोकाला काळीकाकी होती, टोकाच्या माणसाला सगळ्यात जास्त पळावं लागतं. बा माझ्याकडे बघत होता. मी नारूला खूण केली असती तर आवाज बंद झाला असता. मी केली नाही. सगळ्यांना कळेल म्हणून केली नाही. बाची लाज राखते आहे असं मला वाटलं, खरं तर मी माझीच राखत होते.

काळीकाकी पडली. शेजारणीने हात सोडला नाही, तिला तशीच चार पावलं फरपटत नेलं. तेव्हा बाने फुंक मारली. खरी. स्पीकरमधून तुझा तारपा वाजत होता आणि त्याच्यावर त्याचा. दोन तारपे एकदम. त्याने वळण घेतलं आणि सगळी साखळी वळली, मग त्याने थांबवलं. तेव्हा लोकांनी हात सोडले. तुझा तारपा मात्र उडवीमागे वाजतच होता. नारूला तार सापडेना.

बा खाली बसला तो उठला नाही. नारूच्या टेम्पोतून डहाणूला नेलं. तोंडातून रक्त आलं होतं. आता दवाखान्यात आहे, नाकाला नळी आहे. काळीकाकीचा पाय मोडला आहे. पाड्यावर मला कोणी वाईट बोललं नाही. नवं भात न खाताच लोक घरी गेले, एवढंच.

वळण का नव्हतं, जीवन?

सुषमा


अंधेरी,
१६ नोव्हेंबर २०१८

ताई,

वळण होतं. मी स्टुडिओत दोन्ही दिवस वाजवलं होतं. जिग्नेशने ते काढून टाकलं. म्हणाला, मध्येच सूर बदलतो, ऐकणारा दचकतो, एकच तुकडा जोडत नेला की लोकांना शांत वाटतं. मी तिथेच बसलो होतो. मला विचारलंही त्याने, चालेल ना? मी चालेल म्हणालो. म्हणून त्याला बोलायला मला तोंड नाही. काळीकाकीचा पाय मी मोडला आहे.

आता तू खरं लिहिलंस तर मीही लिहितो. रेकॉर्डिंग झाल्यापासून मी वाजवत नाही. वाजतो तो कॉम्प्युटर. मी मोरपिसं लावून फुलीवर उभा राहतो आणि तारपा तोंडाला लावून गाल फुगवतो. बाने एक संध्याकाळ जे केलं ते मी सव्वा वर्ष करतो आहे. बाकी दिवस स्पीकर उचलतो, वायरी गुंडाळतो. म्हणून येत नव्हतो. कार्यक्रम फार असतात हे खोटं होतं. बाने एकदा माझ्या ओठांकडे बघितलं असतं तर त्याला कळलं असतं की फुंकणाऱ्याचे ओठ असे नसतात.

तुझं पत्र आल्यावर मी तारपा घेऊन गच्चीवर गेलो. पहिला सूर आला. दम लगेच तुटला. वळण आठवलंच नाही, ताई. बोटं तिथे जातात आणि थांबतात. चारदा केलं. रेकॉर्डिंगमध्येही नाही आणि माझ्यातही नाही.

मी निघून येऊ शकतो, रुपल मॅडमना सांगून झालं आहे. पण रिकामा येऊन काय करू? बासमोर तारपा धरून उभा राहिलो आणि वळण आलं नाही तर? मला फार भीती वाटते. बाला विचार, येऊ का?

जीवन


तलासरी,
२९ नोव्हेंबर २०१८

जीवन,

बाला घरी आणलं आहे. घरी म्हणजे अंगणात. दिवाळी झाल्यापासून इकडे जमिनीला हादरे बसताहेत, भिंतींना भेगा गेल्या आहेत, म्हणून सगळा पाडाच बाहेर झोपतो. टेम्पोतून उतरवताना बाने डोक्यावर पत्रा नाही हे बघितलं आणि त्याला बरं वाटलं.

तुझं पत्र मी त्याला सगळं वाचून दाखवलं. मोरपिसं, गच्ची, सगळं. काहीही गाळलं नाही, गाळागाळी पुरे झाली आता. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तुझ्यावर रागावला की माझ्यावर ते मला कळलं नाही, दोघांवर असेल. मी त्याचं अंग पुसत होते आणि मनात म्हणत होते, आता हा असाच न बोलता जाणार.

काल दुपारी काळीकाकी आली. तिला खाटेवर घालून आणलं होतं, पायाला प्लॅस्टर. तिने बाच्या खाटेशेजारी आपली खाट लावून घेतली आणि रागाने विचारलं, लाहू, तू मला वळवलं का नाहीस? बाने बराच वेळ श्वास गोळा केला. मग तिला नाही, मला म्हणाला, "त्याला लिही. वळण तारप्यात नसतं. नाचणाऱ्यांचे पाय बघायचे. दमले का वळायचं. तथं अंधारात त्याला पाय दिसंनात, तो तरी काय करल?"

एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला ते तुला लिहून कळणार नाही. मध्ये दोनदा मी त्याच्या नाकाशी हात नेऊन पाहिला.

मग त्याने तारपा मागितला. डॉक्टरांचं नाव घेऊन मी नाही म्हणाले, तर त्याने नुसता हात पुढे धरून ठेवला. दिला. त्याने तो तोंडाला लावला नाही. छातीवर आडवा घेतला आणि बोटं फिरवायला लागला. आवाज काही नाही, फक्त बोटं. शेवटी एका जागी ती वेगळीच पडली, काळीकाकीची चांगल्या पायाची टाच हलली, आणि मला कळलं की हे ते वळण आहे. त्याने पुन्हा केलं. मी जवळ बसून बघितलं, लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, तुला चित्र काढून पाठवावं म्हणून कागदही घेतला. मला जमलं नाही. मी कधी शिकलेच नाही, मला कोणी शिकवलंच नाही.

आज सकाळपासून त्याने तारपा खाली ठेवलेला नाही. तू विचारलंस, येऊ का. तो बोटांनी ते वळण करतो आणि रस्त्याकडे बघतो, पुन्हा करतो. सकाळपेक्षा आता बोटं हळू पडताहेत. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, चारोटीहून मुंबईला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. वाचून होताच नीघ.

सुषमा